साक्षीला चार माणसं हवीत

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्याआधीच्या दिवसांत सावनेरच्या दुकानांत वह्यांचे गठ्ठे, दप्तरं, रेनकोट दिसू लागतात आणि एके सकाळी सगळा रस्ता गणवेशांनी भरून जातो. ज्या घरातलं मूल शाळेत न जाता घरीच शिकतं, त्या घराला ही सकाळ जड जाते. आईवडिलांनी निर्णय कितीही विचार करून घेतलेला असो, फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाला एवढंच दिसतं की सगळ्यांचं काहीतरी सुरू झालं आणि आपलं काहीच झालं नाही.

शाळेत अभ्यास तर होतोच, शिवाय वर्षाला टप्पे मिळतात. पहिला दिवस, सहामाही, स्नेहसंमेलन, निकाल, मोठी सुट्टी. प्रत्येक टप्प्यावर बघणारं कुणीतरी असतं. कुणी टाळी वाजवतं, कुणी शेरा लिहितं, कुणी शेजारच्या बाकावरून डोकावतं. घरी अभ्यास उत्तम होऊ शकतो, पण हे टप्पे कुणी मुद्दाम उभे केले नाहीत तर वर्ष सपाट वाहून जातं. मार्चमध्ये भागाकार आला, एप्रिलमध्ये अपूर्णांक सुरू झाले, मध्ये कुणी थांबलंच नाही. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाचा कोणताही टप्पा साजरा करताना पहिली व्यवस्था माणसांची करा. मूल जे नव्याने करू लागलं, ते घराबाहेरच्या चार जणांनी पाहिलं पाहिजे. फुगे, केक, सजावट यांचं नंतर बघता येईल.

आपल्याकडे याला मोठा आधार आहे. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं, आधी रानातल्या आश्रमात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची विद्या पारखली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. त्या वेळी त्या अवघ्या विशीत होत्या. आईने पोथी उघडून शिकवलेलं परक्या गावात, परक्या माणसांसमोर उभं राहिलं आणि मानलं गेलं. आपल्या मुलांसाठी इतकी मोठी सभा नको, पण सभा हवी.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करू. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये प्रवेशोत्सव होतो. नव्या मुलांना गुलाबाचं फूल मिळतं, गोड खाऊ मिळतो, कुठे बैलगाडीतून तर कुठे ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघते, हाती नवी पुस्तकं येतात. हे घरी न करण्याचं काहीच कारण नाही. गावातल्या शाळा उघडतील त्याच दिवशी करा, म्हणजे मूल त्या सकाळी रिकामं राहणार नाही. बालभारतीची पुस्तकं बाजारात मिळतात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफतही उतरवून घेता येतात. तुम्ही ती वापरा किंवा वेगळी निवडा, पण आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्यांना कव्हर घाला आणि नावं मुलाला स्वतःच्या अक्षरात टाकू द्या. सकाळी औक्षण आजीने करावं. मग मुलाने वर्षभरात काय जाणून घ्यायचंय, त्याची यादी करावी. पहिल्याच वर्षी ही यादी ‘वाघ रात्री कसा बघतो’पासून ‘वीज कशी तयार होते’पर्यंत जाते. सावनेर तालुक्यात खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. विजेचा प्रश्न इथल्या मुलाच्या यादीत येणारच. ती यादी जपून ठेवा, वर्षाच्या शेवटी लागेल.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सुरू करा. माझ्या मते सावनेरच्या घरांना ती सर्वांत शोभणारी आहे. संत्र्याचा मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि त्याची फळं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात. म्हणजे शाळेचं वर्ष आणि मृग बहार जवळजवळ बरोबरीने चालतात. ओळखीच्या बागायतदाराला विचारून एका झाडाची एक फांदी मुलाच्या नावाने मागून घ्या आणि तिला रंगीत फीत बांधा. किती फुलं, त्यातली किती टिकली, गळ किती झाली, दर महिन्याला फळाचा घेर दोऱ्याने मोजून किती भरला, हे सगळं एका वहीत उतरवायचं. पहिलीच्या मुलाला मोजणी मिळते, सहावीच्याला आलेख आणि टक्केवारी, नववीच्याला फळगळीची कारणं. त्याहून मोठी कमाई म्हणजे साक्षीदार मिळतो. बागेचा मालक दर महिन्याला विचारतो, ‘काय बाबू, तुझी संत्री किती झाली?’ हा प्रश्न मुलाला गावाशी बांधून ठेवतो. तोडणीच्या दिवशी त्या फांदीची फळं टोपलीत घेऊन ज्यांनी वर्षभर विचारपूस केली त्यांच्या घरी एकेक पोचवायची. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते काय असतं आणि कशासाठी, हेही त्या दिवशी सांगता येईल.

बाग जवळ नसेल तर पऱ्हाटी आहे. पाऊस पडला की वावरात सरकी टोबताना मुलाला न्या. एक जपणूक मात्र करा. बाजारातलं रंगीत बियाणं औषध लावलेलं असतं, ते मुलाच्या उघड्या हातात देऊ नका. मोठ्यांनी हातमोजे घालून टोबावं, मुलाने ओळ आणि अंतर मोजावं. पुढे बोंडं फुटली की पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात, वावरात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. पहिलं सत्र तिथेच संपवा. सहामाही परीक्षेपेक्षा हा शेवट मुलाला जास्त दिवस आठवेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो तान्हा पोळा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला, मुलांचा स्वतःचा सण. लाकडी नंदी सजवायचा, ओळीत उभा करायचा, मग घरोघरी फिरवायचा आणि बोजारा घ्यायचा. घरी शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या दिवसाचं मोल फार आहे, कारण या दिवशी शाळेतलं आणि घरातलं मूल असा फरक उरत नाही. सगळ्यांच्या हातात नंदी असतो. तो विकत आणा, पण सजावट, चाकं, दोरी हे काम महिनाभर आधी मुलाकडे द्या. चाकाचा व्यास मोजा, एका फेरीत नंदी किती पुढे जातो ते पाहा, मग घरापासून मंदिरापर्यंत चाकाच्या किती फेऱ्या होतील याचा अंदाज बांधा आणि सणाच्या आधीच एकदा पडताळून घ्या. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी मात्र अभ्यासाचं नाव काढू नका. नंदी घेऊन निघालेल्या मुलाला दारात थांबवून पाढे विचारणं हा त्या मुलावर आणि सणावर, दोघांवरही अन्याय आहे. संध्याकाळी बोजाऱ्याचे पैसे मोजून जमाखर्चाची पहिली वही उघडून द्या आणि त्या पैशांचं काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या.

दसऱ्याला पाटीपूजन असतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, शेजारी पुस्तकं ठेवायची. घरी शिकणाऱ्या मुलाने यंदा ज्या ज्या वस्तूंतून शिकलं ती प्रत्येक वस्तू पाटीशेजारी ठेवावी. खुरपं, कंपासपेटी, हार्मोनियम, पान्हा, पोळपाट, ज्या मोबाइलवरून ते गणिताचे व्हिडिओ बघतं तो मोबाइलसुद्धा. मग सोनं घेऊन निघायचं. एरवी आपण सोनं नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना देतो. यंदा मुलाकडून आणखी एक यादी करून घ्या, ‘मला कुणीकुणी काय शिकवलं?’ चेन चढवायला शिकवणारा सायकल दुरुस्तीवाला, टाके घालायला दाखवणाऱ्या शिवणवाल्या काकू, खाणीतल्या पाळ्यांबद्दल सांगणारे शेजारचे काका, संत्र्याच्या बागेचे मालक, रोज कोडं घालणारे आजोबा. त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन मुलाने आपट्याचं पान द्यावं आणि एकच वाक्य बोलावं, ‘तुम्ही मला हे शिकवलंत.’ शाळेतल्या मुलांना ५ सप्टेंबरला शिक्षक दिन असतो. घरी शिकणाऱ्यांचे शिक्षक गावभर विखुरलेले असतात, त्यांच्यासाठी दसऱ्यासारखा दुसरा दिवस नाही.

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनं सुरू होतात, लाउडस्पीकर ऐकू येतो. याच दिवसांत घरचं संमेलन भरवा. वर्षातला हा सर्वांत मोठा कार्यक्रम, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

एखाद्या रविवारी सकाळी, उन्हात, अंगणात किंवा गच्चीवर. पाऊण तासाहून मोठं करू नका. पाहुणे दहा-पंधरा पुरेत, पण त्यात तीन-चार शाळेत जाणारी समवयस्क मुलं हवीतच. नुसत्या मोठ्या माणसांत मूल एकटं पडतं. मुलाने तीन गोष्टी निवडाव्यात. एक, हाताने करून दाखवण्याची: विद्युतमंडळ जोडणं, भाकरी थापणं, तबल्याचा कायदा, काहीही. दुसरी, सांगण्याची: वाचलेलं पुस्तक, केलेला प्रवास, वाघाचे डोळे. तिसरी, न सुटलेला प्रश्न. हा तिसरा भाग लोक गाळतात आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूल उभं राहून म्हणतं, ‘मला हे अजून कळलेलं नाही,’ आणि जमलेली माणसं त्यावर बोलू लागतात. त्या क्षणी ते मूल परीक्षार्थी राहत नाही.

सूत्रसंचालन मुलानेच करावं. लाजरं असेल तर त्याने आधी लिहून ठेवलेलं बहिणीने वाचावं, किंवा पाहुण्यांना मांडलेल्या टेबलांवरून फिरू द्यावं आणि कुणी विचारलं तरच त्याने बोलावं. उभं राहून भाषण करण्याची सक्ती नको. पाहुण्यांना आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा: अचानक पाढे किंवा राजधान्या विचारायच्या नाहीत आणि कुणाच्या मुलाशी तुलना करायची नाही. दाराशी एक अभिप्राय वही ठेवा. तिच्यात ‘खूप छान’ असं लिहायला मनाई. वाक्य ‘आज मी पाहिलं की…’ असंच सुरू व्हायला हवं. ‘आज मी पाहिलं की तार निसटली तरी तू घाबरला नाहीस, पुन्हा जोडलीस,’ असं शेजारच्या आजोबांनी लिहिलेलं मूल पुन्हा पुन्हा वाचतं. खायला हिवाळ्यातली पुडाची वडी करा. बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त असतो आणि पारी लाटायला मुलंही बसू शकतात. ज्यांचं वावर आहे त्यांनी हुरड्याच्या निमित्ताने हाच कार्यक्रम शेतात घ्यावा.

जयंत्या आणि दिनविशेषांनी मात्र वर्ष भरून टाकू नका. दोन-तीनच निवडा. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती मी सोडणार नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आगेमागे नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात जाऊन येता येतं.

सहल हा टप्पा साजरा करण्याचा सोपा मार्ग आहे, पण तिचा संबंध संपलेल्या विषयाशी असू द्या. सावनेरचं यात भाग्य आहे, नागपूर जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर. इतिहासाचा एक भाग पुरा झाला की १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजब बंगला म्हणतात, तिथे जा. मोजमाप आणि नकाशे झाले की झिरो माइलच्या खांबापाशी आणि घोड्यांपाशी. जाताना रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मुलाने नोंदवावेत आणि तिथे उभं राहून आपल्या घराचं अंतर सांगावं. यंत्रं, वाफ, चाकं शिकून झाली असतील तर रेल्वेने जा. सावनेरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे २०१५ पर्यंत धावत होती, आता तिथे रुंद रूळ आहेत. त्या छोट्या गाडीतून प्रवास केलेली माणसं प्रत्येक घरात भेटतील. आजीला सोबत घ्या, तिला बोलू द्या, आणि मोतीबागेतल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात सहल संपवा. लहान मुलांसाठी अदाश्याच्या गणपतीची टेकडी पुरे. स्वतःच्या पायाने वरपर्यंत चढणं हाही टप्पाच आहे.

जरा मोठ्या मुलांना वर्ध्याकडे, सेवाग्रामला न्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीम देशापुढे आली: हाताने काम करता करता शिकणं. घरी शिकणारं मूल चरखा, शेती आणि स्वयंपाकघर यांना अभ्यास मानणारी जागा प्रत्यक्ष बघतं, तेव्हा त्याला आपण जगावेगळं काही करत असल्याचं दडपण उरत नाही.

आता परीक्षेचं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा अनेकांनी घेतलेला रस्ता आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. पुढे दहावी-बारावीची नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे, शिवाय राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं. नियम आणि तारखा बदलतात, त्या त्या मंडळाकडूनच खात्री करून घ्या.

साजरं करण्याच्या बाजूने पाहिलं तर एनआयओएसची एक गोष्ट फार कामाची आहे. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, एकेक करून सोडवता येतात. म्हणजे दहावी हा एकच भला मोठा दिवस न राहता पाच वेगवेगळे टप्पे होतात. प्रत्येक पेपरचा आनंद पेपर संपल्या संध्याकाळीच करा, निकालाची वाट पाहू नका. मुलाच्या हातात होतं ते त्या संध्याकाळी पूर्ण झालेलं असतं. पहिलं हॉल तिकीट आलं की तेही मिरवा. ज्या मुलाने आजवर हजेरीपटावर आपलं नाव पाहिलेलं नाही, त्याला छापील कागदावरचं नाव आणि फोटो बघून काय वाटतं ते ओळखा. २०२१ साली करोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्या वर्षीच्या मुलांना विचारा, न झालेला शेवटचा पेपर किती रुखरुख ठेवून गेला.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण या विषयावर बोलताना नेहमी निघतं. सातवीच्या सुमारास आईने तिला शाळेतून काढलं, माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये बोर्डाच्या गुणपत्रिकेशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तिला प्रवेश मिळाला. मुलांना हे जरूर सांगा. मात्र ते मोजपट्टी म्हणून घरात टांगू नका. आपल्या मुलाचा टप्पा कदाचित इतकाच असेल की दहाव्या वर्षी ते पहिल्यांदा अख्खं पुस्तक स्वतः वाचून संपवेल. ज्या घराने तीन वर्षं त्यासाठी धीर धरला, त्या घरात त्या दिवशी पुरणपोळी व्हायलाच हवी. एकट्याने सायकलवर बाजारात जाऊन हिशेबाने भाजी आणणं, एसटीने एकट्याने मामाकडे पोचणं, आजारी आईला पेज करून देणं, हेही टप्पे याच वहीत येतात.

काही गोष्टी टाळायला हव्यात. बक्षीस म्हणून रोख पैसे देऊ नका; मग पुढच्या धड्याला भाव ठरतो. दर आठवड्याला समारंभ नको, वर्षाला सहा-सात पुरेत. दोन भावंडं असतील तर दोघांचे दिवस वेगळे ठेवा. आणि मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ स्टेटसवर टाकण्याआधी त्याला विचारा, नाही म्हणालं तर टाकू नका. शाळेतल्या मुलाच्या चुका वर्गाच्या चार भिंतींत राहतात. घरच्या मुलालाही तेवढा आडोसा मिळायला हवा.

एप्रिलच्या मध्यापासून आपल्याकडे दुपारी बाहेर पाय ठेववत नाही. वर्ष त्याआधी, एखाद्या सकाळी बांधून टाका. जूनमधली प्रश्नांची यादी काढा: कोणती उत्तरं मिळाली, कोणते प्रश्न आता फालतू वाटतात, कोणते अजून छळतात. वर्षभराच्या कामातून मुलाने स्वतः दहा पानं निवडावीत आणि ती एका फायलीत लावावीत, त्यात एक फसलेलं पान असू द्यावं. पुढे शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तर ही फाइल दाखवायला कामी येते. उरलेल्या वह्यांतली कोरी पानं फाडून, सुई-दोऱ्याने शिवून पुढच्या वर्षाची कच्ची वही करा, बाकी रद्दीत. रद्दीचे पैसे मुलाचे.

मग सुट्टी जाहीर करा, मोठ्याने, तारखेसह. घरी शिकणाऱ्या मुलांची ही फार मोठी अडचण असते. घर हीच शाळा असल्याने शाळा कधी सुटतच नाही. मे महिन्यात आंबा खातानाही कुणीतरी म्हणतं, याचे आठ समान भाग कर. तसं करू नका. पुस्तकं पेटीत ठेवून पेटी माळ्यावर टाका. सरगुंडे-आमरस खाऊ द्या, मामाच्या गावी पाठवा.

आणि जाण्याआधी त्याच्या हाती एक पत्र द्या. एकाच पानाचं, तारीख घातलेलं, हाताने लिहिलेलं. वर्षभरात तुम्ही त्याला काय काय करताना पाहिलंत, तेवढंच त्यात लिहा. पुढच्या वर्षी काय करायला हवं, त्याचा उल्लेख नको. खाली सही करा. आजी-आजोबा, बागेचे मालक, शिवणवाल्या काकू तयार असतील तर त्यांचीही सही घ्या.